खुंटीवरची पिशवी

सावद्यात वादळ आलं ते एकवीस मिनिटांचं.
भिंतीवरलं घड्याळ सेलवर चालतं, म्हणून माहीत.
केळीच्या बागा आडव्या, विजेचे खांब आडवे,
आणि मग दोन दिवस, अडीच रात्री
घरातली एकेक वस्तू मला सांगत राहिली
की ती माझी नव्हतीच.

नळ मोटारीचा होता, मोटार विजेची.
बहिणीचा नंबर मोबाइलचा होता;
तो विझला तशी फैजपूरची बहीण
पार विलायतेत गेली.
मेन स्विच नवऱ्याचा होता,
नवरा केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर.
एक शिलाई मशीन तेवढं माझं राहिलं.
त्याला पायच लागतात.

मागे आड आहे.
त्याच्या कट्ट्यावर बसून सगळ्या गल्लीची उणीदुणी काढली,
दोर कुठाय हे कुणी विचारलं नाही.
शेवटी दोन नायलॉनच्या साड्या गाठ मारून
बादली सोडली.
गाठ सुटली.
बादली अजून खालीच आहे.

वीज आल्यावर सगळेच शहाणे झाले.
इन्व्हर्टर घ्या, सोलर घ्या, गच्चीवर दुसरी टाकी बसवा.
माझ्याकडे त्या आठवड्यात दोनशे चाळीस रुपये होते
आणि गणिताच्या मास्तरांच्या पँटचं उरलेलं कापड.
मी पिशवी शिवली.
सात कप्पे, दुहेरी शिलाई, बंद रुंद,
धावताना खांद्यात रुतू नये म्हणून.

टॉर्च. सेल वेगळे, नाहीतर आतच पाझरतात.
काड्यापेटी, धुतलेल्या दुधाच्या पिशवीत.
रेशनकार्डाची झेरॉक्स.
दहा-दहाच्या नोटा, कारण अंधारात
पाचशेची मोडून देणार कोण?
पट्टी, मलम, मीठ-साखरेची पुडी.
एक शिट्टी.
सातवा कप्पा रिकामा. त्यात काय हवं होतं
ते पुढचं वादळ सांगेल.

नंबर मी कपाटाच्या दारावर आतून लिहिले,
लाल नेलपॉलिशनं, शिवणाचा खडू पुसतो म्हणून.
दोन पाठ केले. पायडल मारत, पाढ्यासारखे.

हमीदाखालाचं इन्सुलिन तेव्हा तिच्या फ्रिजात होतं
आणि फ्रिज नुसतं कपाट झालं होतं.
आता दवाखान्यातल्या सिस्टरच्या सांगण्यावरून
माठात माठ, मध्ये ओली रेती, वर ओलं फडकं.
बाहेर पंचेचाळीस. खाला दुपारी आत हात घालते
आणि नुसतीच ठेवून बसते,
म्हणते, बघते गं, गार आहे का.

निमाकाकू दारातून हसली,
'काय वं, लढाई लागू राह्यली का?'

दर अमावस्येला मेन स्विच मी स्वतः पाडते.
पहिल्यांदा डोळे मिटून पाडला, साप मारावा तसा.
अंधारात लोकेश मोजतो: एक, दोन, तीन...
पिशवीपर्यंत पोचायला मला नव्वद लागले,
मध्ये पाट लागला, अंगठ्याचं नख गेलं.
आता बावीस.
पाट भिंतीला टेकवायचा, हे कुठल्या यादीत नव्हतं.

राजगिऱ्याचे लाडू मात्र टिकत नाहीत.
चार ठेवले की अमावस्येला दोन.
लोकेश विचारतो, भूक संकटात धरत नाहीत का?
यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.
मी पुन्हा चार ठेवते.

परवा निमाकाकू परत आली.
पदराआड कापड, जुन्या पडद्याचं, मोरांचं.
'किती कप्पे लागतीन?'
मी म्हटलं, कप्प्यांचं राहू दे.
आत्ता, या मिनिटाला वीज गेली,
तर तुझ्या घरात काड्यापेटी कुठे असते?

तिनं तोंड उघडलं.
मिटलं.
मग स्वतःच्या घराकडे असं पाहिलं,
जसं कुणी तिला त्याचा पत्ता विचारलाय.