सात नंबरची मिशी

कोपरीच्या सभागृहात सहा टेबलं,
वर ताणलेलं हिरवं कापड,
आणि त्यावर बोटाच्या पेराएवढी माणसं
गोल बुडावर उभी.
टिचकी मारायची, ढकलायचं नाही,
हे पंच मिस्किटा दर पाच मिनिटांनी बजावतो,
कारण निम्मे लोक कॅरमवाले,
सवयीनं बोटांना पावडर लावून आलेले.

दारात खोका. थॅलेसेमियाच्या पोरांना
रक्त चढवताना लागतात त्या गाळण्यांसाठी.
मी शंभर टाकले
आणि पन्नास परत मागायला लाजलो.

ओवी, माझी नात, पहिल्याच फेरीत हरली
आणि मैत्रिणींत गेली.
मी भिंतीकडे वळलो, जिथे संग्राहक बसतात.
संग्राहक म्हणजे ज्यांचं खेळणं
खोक्यातून बाहेर येत नाही.
कुणी किल्लेदार, पांढरे हातमोजे,
बेलापूरहून गाडीत आणलेले अडतीस संघ,
झाकण फाटलेले वेगळे, न फाटलेले वेगळे.
त्यांत एक लाल-पांढरा. खाली चिठ्ठी:
विदेशी बनावट, हातानं रंगवलेला, दुर्मीळ.
मी वाकलो.
"काका, हात नका लावू."

हात नका लावू.

वागळे इस्टेट, पत्र्याची शेड, चौदा जण आम्ही,
तीन शून्याचा ब्रश, टर्पेंटाइनचा वास,
डझनाला नव्वद पैसे.
आधी मोजे, मग चड्डी, मग सदरा, केस शेवटी.
डोळे काढायचे नाहीत, वेळ जातो,
असा मालकाचा हुकूम.
माल गोदीत जायचा, पुढे कुठे कोण जाणे.
एका रात्रपाळीत, पंचाऐंशी साल की शहाऐंशी,
मी सातव्याला मिशी काढली.
समोर बसायचा त्या धर्माजी म्हसकरची,
उजवीकडे जरा उतरलेली.
धर्माजी हसून हसून खोकला.
तपासनीस झोपलेला. माल गेला.

आणि हा इथे उभा. कोपरीत.
मिशी तशीच.

सांगावं का?
किल्लेदार कुणाला तरी सांगत होते,
मामांनी साहेबाच्या देशातून आणला म्हणून.
आणलाच असेल.
आमच्यापैकी तेवढाच जाऊन आला.

संध्याकाळी लिलाव. खोका भरायला
प्रत्येक संग्राहकानं एकेक खेळाडू दिला,
जिवावर येऊन.
किल्लेदारांनी सात नंबर काढला:
"रंगात दोष आहे, संघ बिघडवतो."

तीनशे. साडेतीनशे.
मी काही बोलणार नव्हतो.
पण माझा उजवा हात अलीकडे माझा राहिलेला नाही,
कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर.
तो मांडीवरून उठला, हवेत थरथरला.
"पाचशे! मागचे काका!"
मी खाली ओढला, तो पुन्हा वर.
"काका सातशे!"
मी माझ्यावरच बोली चढवत होतो.
मिस्किटाच्या लक्षात आलं नाही,
किंवा आलं, आणि त्याला गाळण्या आठवल्या.

नऊशेला थांबलं. ओवीनं मोबाइलवरून भरले,
वर माझ्याकडे असं बघितलं
की घरी सांगणार हे नक्की.
पावतीवर नाव?
म्हटलं, धर्माजी म्हसकर लिहा.
तो कधीच गेला. पण सही मला जमतेय कुठे.

घरी टेबलावर ठेवून टिचकी मारली.
पडला, डुलला, उठला.
बुडात वॉशर असतो, तोही आम्हीच चिकटवायचो.
"आजोबा, ह्याला डोळेच नाहीत."
"हुकूम नव्हता," मी म्हटलं.

ती रंगपेटी घेऊन आली.
सगळ्यांत बारीक ब्रश निवडून
माझ्या बोटांत दिला,
आणि समोर बसली, हनुवटी टेबलाला टेकवून.
मी बघतोय.
हात थांबायची वाट बघतोय.