उसनी नाडी

विलायती मान दोन लाख ऐंशी हजारांची.
कॅटलॉगात तिची कातडी गुलाबी.
मेडिकलमधल्या माझ्या एकोणीस वर्षांत
गुलाबी मान हाताखाली एकदाही आली नाही.

आमची मान सक्करदऱ्याची.
प्रल्हाद निखारे, कूलर रिपेअरिंग, वाइंडिंगची कामे होतील.
त्यानं एका दुपारी गादीच्या फोममधून गळा कोरला,
वर सायकलची ट्यूब ताणून बसवली.
आत दोन नळ्या: लाल पाण्याची धमनी, माशांच्या टाकीची, जाडसर;
निळ्या पाण्याची शीर म्हणजे जत्रेतला लांब फुगा,
बोटाखाली दबावी, खरी दबते तशी.
छातीच्या जागी कूलरचा पंप,
पंपाच्या वायरीत लग्नाच्या लायटिंगचा उघडझाप डबा.
"ताई, ठोका पडून राहिला पाहा," म्हणाला,
आणि स्वतःच्या गळ्याला दोन बोटं लावून
दोन्ही ठोके जुळवत उभा राहिला.
हिशोब वहीच्या कागदावर: फोम, ट्यूब, फुगे, सोल्युशन.
एकूण बाराशे चाळीस. मजुरीच्या पुढं नुसती रेघ.

माझी पहिली मान खरी होती.
दयाराम उईके, बेड चौदा, पहाटेचे तीन.
सीनियर म्हणाला, एक पाहिलंस, आता एक कर.
मी सात वेळा टोचलं.
पाचव्यांदा लालभडक उसळलं,
दहा मिनिटं दाबून धरलं, घड्याळ पुढं सरकेना.
तेव्हा ते म्हणाले, "माही मानच वाकडी हाय, बाई."
त्यांनी माझी माफी मागितली.

हे मी पोरांना सांगत नाही.
सांगते ते एवढंच:
आधी बोटांनी ठोका शोधा, मग ठोक्यापासून बाहेर सरका.
काळसर आलं की थांबा.
तार आत जाऊ द्या, पण तिचं टोक हातातून सुटता कामा नये,
बोलताना नाही, शिंक आली तरी नाही.
आणि टोचण्याआधी मानेला सांगा, थोडं दुखेल.
"रबराला?" अनुज धकाते हसला.
त्याला मी शेवटच्या नंबरावर पाठवलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रल्हाद आला, अवघडून.
पारा चव्वेचाळीस. नंदनवनात एका म्हाताऱ्या जोडप्याचा कूलर बंद,
बाजारात पंप मिळून नाही राहिला.
"तेवढी नाडी नेतो, ताई. जूनअखेर आणून देतो."
पंप पिशवीत टाकला, आणि निघताना
मानेवर ओला फडका घालून गेला.
का, ते मी विचारलं नाही.

मग पारबता मावशी बसली,
बीपीच्या जुन्या यंत्राचा फुगा मुठीत,
डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. सत्तर. बहात्तर.
दुपारभर तिच्या मुठीवर ती मान जगली.
शेवटी अनुज. त्यानं सुई उचलली
आणि ठोका धावायला लागला. नव्वद, एकशे दहा.
"मावशी, नीट दाबा ना!"
"नीटच दाबून राहिली. सुई पाहून माणूस भेते.
तू तर त्याले काही सांगितलंच नाही."

पंखा गरम हवा इकडून तिकडे करत होता.
अनुजनं सुई ट्रेमध्ये ठेवली,
वाकला, आणि जिथं कान असायला हवा होता तिथं
(आमच्या मानेला डोकं नाही)
काहीतरी बोलला. आम्हाला ऐकू आलं नाही.
मूठ सावकाश झाली.
तिसऱ्या टोच्याला सिरिंजमध्ये निळं पाणी आलं,
तार गेली. टोक त्याच्या बोटांत होतं.

वहीत मी टोचे मांडते.
मान नंबर दोन, एकशे त्र्याण्णव. पंक्चर काढणे, प्रल्हादला निरोप.
पहिल्या पानावर, तारखेच्याही वर,
सात काड्या आहेत.
कुणी विचारलंच तर सांगते,
पेन चालतं का, ते पाहत होते.