खाली रिकामं जाऊ नये

मनसरच्या चौकात हायवे सुटला,
पाठीचा कान मात्र तिकडेच राहिला.
मागच्या दिवाळीत कामठी रोडवर एका ट्रकने
माझ्या सायकलचा आरसा नेला,
आरशातल्या अर्ध्या चेहऱ्यासकट.
तेव्हापासून मी मानेच्या कातडीने ऐकते.

इथे ऐकायला फक्त खडी.
जाड टायरखाली जात्यासारखी घरघरते,
मधेच एखादा खडा चाकाखालून निसटतो
आणि टण्णकन झुडपात.
दुकानातला रेहान म्हणाला होता,
मॅडम, हवा कमी ठेवा,
टणक चाक उडतं, मऊ चाक जमीन धरून राहतं.
तो टायरबद्दलच बोलत होता.

रस्ता टेकडीच्या कडेकडेने चढतो, घाई नाही त्याला.
इथून मँगनीजच्या ट्रॉल्या उतरायच्या,
म्हणून सगळी वळणं शहाणी,
एकदम चढ नाही, एकदम घसरण नाही.
रूळ कधीच भंगारात गेले.
स्लीपरच्या जागा तेवढ्या राहिल्या,
दर दोन फुटांवर एक उथळ खळगा.
माझे दात ते मोजत जातात.

एक काळा दगड उचलला.
दिसायला लिंबाएवढा,
आणि हात खाली गेला.

नवव्या किलोमीटरला वजनकाटा.
छप्पर उडालेलं, तबकडी शाबूत,
सुई कुठल्या तरी जुन्या टनावर गंजून बसलेली.
मी सायकलसकट त्यावर उभी राहिले.
सत्तेचाळीस वर्षं, एक बाटली पाणी,
दोन उकडलेली अंडी.
दवाखान्याची फाईल घरीच.
सुई हलली नाही.
बरं वाटलं, खरं सांगते.

"वजन करून राहिली का बाई?"
बकऱ्यांच्या मागून एक म्हातारा.
इंदल धुर्वे. तीन नंबरच्या खाणीत ट्रॉलीचा ब्रेक धरायचा,
उजव्या तळहातावर अजून त्या दांड्याची घडी.
"वर कायले चालली? वर काई नाही.
खाण पाण्यानं भरली."
ठाऊक आहे, म्हटलं.
"मंग?"
सुचेना काही. रविवार आहे, म्हटलं.
तो बराच वेळ ते चघळत राहिला.

वर खरंच काही नव्हतं.
पायरीपायरीने कापलेला डोंगर,
तळाशी हिरवं पाणी, काठावर एक ढोकरी,
बारूदघराच्या दारावर खडूचा बदाम, आत दोन नावं,
एक पुसलेलं.
मी एक अंडं खाल्लं.
मग ओरडून पाहिलं, कुणाचं नाव नाही,
नुसतं "ए".
समोरच्या कड्याने ते ठेवून घेतलं.

उतरताना तो काट्यावरच बसलेला.
सुतळीने बांधलेली थैली पुढे केली,
पोपटीच्या शेंगा.
"चौकात चायची टपरी हाये, माही पोरगी, सुगरता.
तिले देजो."
मग मला नाही, सायकललाच सांगावं तसं,
"या रस्त्यानं वर रिकामंच जा लागते.
खाली रिकामं जाऊ नये.
रिकामी ट्रॉली उडते."

थैली हँडलला अडकवली.
दीड किलो असेल, फार तर.
दर वळणावर ती डाव्या गुडघ्याला लागायची,
सोबत चालणाऱ्याचा हात लागावा तशी.
ब्रेकवर बोटं, खाली खडीची घरघर,
साग, साग, एक मोहाचं झाड, पुन्हा साग,
आणि कितीतरी वेळ मी मागचं ऐकलंच नाही
हे मला हायवेचा डिझेलचा वास आला तेव्हा कळलं.

सुगरता नव्हती. तिचा मुलगा होता.
थैली उघडून त्याने नाक आत घातलं.
"आजानं काट्यावर उभं केलं का तुमाले?"
मीच उभी राहिले, म्हटलं.
चहाचे पैसे घेतले नाहीत त्याने.

चौक ओलांडायचा होता.
डावीकडून टँकर, मागून जबलपूरची बस, हॉर्न.
मान आपोआप आखडली, सवयीने.
पॅडल मारलं.
डावा गुडघा मात्र नागपूर येईपर्यंत
उगाच थोडा बाजूला होत राहिला,
थैलीला जागा देत.