चारित्र्याचा रकाना

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, टायरच्या दुकानावर
आमचं ऑफिस.
खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात,
जुलैत त्याही नाही, काचेला बाहेरून घाम सुटलेला.
मी पहारेकऱ्यांचे अर्ज भरतो.
माणसं पुरवतात वगदीसाहेब,
वापरतात गोदामं, शीतगृहं, एक ॲल्युमिनियमचा कारखाना.

माजी सैनिक: एकशे पन्नास रियाल.
साधा माणूस: एकशे दहा.
तक्ता माझ्या डोक्यामागे चिकटवलाय.
समोरचा माझ्याकडे बघतोय असं मला वाटतं,
तो तक्ता वाचत असतो.

बिरुदेव कोळेकर दारात बूट काढायला वाकला,
मग काहीतरी आठवून, न काढताच आत आला.
तालुका जत. उंची पाच फूट आठ.
डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात,
रुमालाला गाठ.
डाव्या हाताला एक बोट कमी, म्हणून गाठीला वेळ लागला.

शेवटचं पान आधी उघडायचं, ही आमची रीत.
चारित्र्य: समाधानकारक.
बाहेरच्याला वाटेल, बरं आहे की!
पलटणीतल्याला कळतं,
ही शिडीची जमिनीत गाडलेली पायरी.
कारण: सेवेची आवश्यकता उरली नाही.
कुणाला उरली नाही, ते लिहायची पद्धत नाही.

मग आतल्या चार नोंदी, लाल शाईत.
रजेवरून अकरा दिवस उशिरा. सहा दिवस. चौदा.
पुन्हा अकरा.
त्या चौदातला इंग्रजी चार,
वरून उघडा, मान जरा डावीकडे पडलेली.
मास्तरांनी छडी मारमारून मिटला नाही
तो माझा चार.

सतरा वर्षं हवालदार क्लार्क होतो.
साहेब बोलत, मी लिहीत असे,
काळं पेन वरच्या खिशात, लाल आतल्या.
माझ्या पुस्तकात चारित्र्य 'अनुकरणीय' आहे.
तेही पान मीच टाईप केलं, सही तेवढी त्यांची.
त्या चौदा दिवसांत याच्या घरी काय चाललं होतं
मी विचारलं नव्हतं.
रकाना दीड इंचाचा असतो.

वगदीसाहेबांनी पान उलटंसुलटं केलं.
लाल म्हणजे काय, पदक?
मी तोंड उघडलं.
एका 'हो'त चाळीस रियाल होते दर महिन्याला,
आणि माझी जीभ अरबी शब्द शोधत बसली,
'हो'ला अरबीत काय म्हणतात हे काल आल्यासारखी.
तेवढ्यात कोळेकरनेच पुस्तक हलकेच ओढून घेतलं.
"साधा मानूस लिवा," म्हणाला. "एकशे धाचा."

लिहिलं.
पूर्वानुभव: नाही.
नऊ वर्षं, बर्फातले दोन हिवाळे,
ते बोट.
टपालात द्यायला पाकीट हलकंच लागलं.

तिसऱ्या रात्री मासळीच्या शीतगृहावरून फोन,
सुपरवायझर गुलबहार, चकवालचा, पलीकडच्या फौजेतला.
म्हणाला, मुन्शीजी, तुमचा साधा माणूस
ट्रक आला की टाचा जुळवतो.
कुठली पलटण?
अनुभव नाही म्हणालो, फॉर्मवर तसंच आहे.
तो बराच वेळ हसला, मग खोकला, मग म्हणाला,
माझ्याही पुस्तकात दोन पानं आहेत
डिंकाने चिकटवलेली. असू दे. पोरगा झोपत नाही.

महिन्याच्या चार तारखेला पगाराची सही.
रांगेत तो सहावा, नेपाळी पोरांच्या मागे.
मी तारीख घालत होतो, तो वाकून बघत होता.
"सायेब," म्हणाला, आवाजात राग नाही, काहीच नाही,
"तुमचा चार अजून उगडाच ऱ्हातोय."

मी पेन टेकवून वरचं तोंड मिटवलं.
तर तो नऊ दिसायला लागला.
खोडाखोड चालत नाही म्हणून
वगदीसाहेबांनी आख्खा कागद परत करायला लावला.