तेरावा

ऑफसीझनला खोली स्वस्त मिळाली म्हणून आलो,
एवढंच.
फेब्रुवारीतलं कॉर्नवॉल, वारा असा
की पोस्टाच्या लाल पेटीलाही कानटोपी घालावी.
शाल्मलीला शाळेच्या सुट्टीत समुद्र हवा होता,
आणि मला, स्विंडनला दिवसभर सिग्नल दुरुस्त करणाऱ्याला,
हिरवा-लाल नसलेला एक दिवस.

पोर्थमेरिनमध्ये गाडी लावायला जागा नाही.
चर्चमागच्या शेतात चिखल, चिखलात बादली,
बादलीवर खडूने: दोन पौंड, विश्वासावर.
पुढे उतारावर अख्खं गाव,
आणि प्रत्येकाच्या हातात
एकेक संत्रं.

आम्हालाही दोन मिळाली.
मी नागपूरचा.
संत्रं दिसलं की अंगठा आपोआप देठाशी जातो.
पण ही साल घट्ट, बाप्पा, फोडींना धरून बसलेली,
नखात रस, डोळ्यात चिळकांडी.
आमच्याकडचं कसं, सदरा काढावा तसं सुटतं.
"खायचं नाहीये ते," बाजूच्या खुर्चीतला म्हातारा डोळे न उघडता म्हणाला,
"अजून नाही."
त्याचं नाव जागो. आणि तो पेंगत होता.
शाल्मलीला हसू आवरेना.
का हसतेय ते त्याला समजावण्यात पाच मिनिटं गेली,
पण झोप उडाली त्याची.

मग थर्मासचं झाकण शोधता शोधता त्यानंच सांगितलं.
पणजोबाच्या वेळी, अशाच एका रात्री
व्हॅलेन्सियाहून निघालेलं जहाज त्या खडकावर फुटलं.
सकाळी खाडी केशरी.
गावातल्या पोरांनी जन्मात पहिल्यांदा संत्रं खाल्लं,
खारट,
आणि पोटभर खाऊन झाल्यावर
त्यांना माणसं दिसली.

कागदावर बारा नावं होती.
वाळूवर तेरा.

दोन ट्रम्पेट वाजले, एक ढोल.
ढोलवाली बेकरीतली, मनगटाला अजून पीठ.
पाद्रीणबाई मॉर्वेना गमबूट घालून
पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली, यादी वाचू लागली.
स्पॅनिश नावं तिच्या जिभेवर अडखळत होती,
अकरा वर्षं माझं अडखळतं तशी, ऑफिसात.
ज्या घरानं ज्याला वाळूवरून उचललं
ते घर आजही त्याच्या नावाला ओ देतं:
"इथे." मग एक संत्रं पाण्यात.
विसेन्त. इथे.
बाउतिस्ता. इथे, हे एका लहान मुलीनं, वडिलांच्या खांद्यावरून.
जागोच्या वाट्याला स्वयंपाकी आला होता.
तो उठून उभा राहिला, थर्मास सांडला.

"तेराव्याचं काय?" मी विचारलं.
"त्याला पाहुणा. शेवटी आलेला."
त्यानं चर्चकडे पाहिलं.
"शेतातली शेवटची गाडी कुणाची? निळी?"

माझी.

बारा झाली. मॉर्वेनानं कागदाची घडी घातली.
वाचायला काही नव्हतंच,
तिनं फक्त मान वर केली.
सीगल ओरडत होते. वारा.
सगळ्या गावाचं तोंड माझ्याकडे,
आणि मला इंग्रजी सुचेना,
घशातून निघाला महालातल्या शाळेचा आवाज,
तिसऱ्या बाकावरचा, हात वर करून:
"हजर."

कुणी हसलं नाही.

माझा नेम चुकला. संत्रं धक्क्याच्या पायरीवर आपटलं,
घरंगळलं, एका कुत्र्यानं उचललं.
शाल्मलीनं आपलं दिलं फेकून,
लांब, होड्यांच्याही पलीकडे,
तो हात तिच्याकडे कुठून आला कोण जाणे.

त्यानंतर सगळ्यांनी खाल्ली. गोड होती.
आमच्याकडे तेराव्याला गोड करतात,
हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

अंधार पडता निघालो.
"त्याला कळलं असेल, बाबा? मराठीतलं?"
मी म्हटलं, बेल्ट लाव.
बादलीत पाचाची नोट टाकली.
सुटे नव्हते.