रविवारचा खाडा

इश्बेल भूगर्भशास्त्र शिकून आली आहे.
तिचे दगड चाळीस कोटी वर्षं थांबले होते,
आणखी एका सुट्टीने त्यांचं काय बिघडणार होतं?

डंडीत, टे नदीकाठच्या या इमारतीत
पेशी थांबत नाहीत.
शुक्रवारी गुलाबी होतं द्रावण;
सोमवारी पिवळं पडलेलं,
तळाला धरून एकही जीव नाही.
तिने फ्लास्क दिव्यासमोर धरला,
गारगोटीचा तुकडा धरावा तसा.
"उपाशी ठेवलं मी यांना?"

मी इथे एकोणीस वर्षं काचा धुतोय.
गणितवाले येतात, रसायनवाले येतात,
पिपेटवर पहिल्यांदा सगळ्यांचाच अंगठा थरथरतो.
"ब्लीच ओत," म्हटलं. "वीस मिनिटं. मग सिंकमध्ये."
ती वीस मिनिटं तिथेच उभी, हात बांधून.

काल रविवार. बाहेर बर्फाचं पाणी, बस बंद.
विसरलेली छत्री न्यायला आलो, तर
सदतीस अंशांच्या कपाटासमोर
ओला कोट, ओले बूट, इश्बेल.
नव्या फ्लास्कवर तारीख,
आणि तारखेखाली, कुणी न सांगता, वेळ.

छत्री काही सापडली नाही.