एकेरी रूळ

रात्रपाळीच्या औषधदुकानात
काउंटरखाली, जिथे रिकामे खोके टाकतो,
तिथे माझं पुस्तक असतं.
सहाशे बारा पानं. शेवटी उत्तरं.
उत्तरांची पानं मी चिकटपट्टीने बंद केलीत,
माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही.

ग्युमरीत डिसेंबर म्हणजे उणे एकोणीस.
हीटर फक्त पायांपुरता.
वर, बोटांनी पेन्सिल धरलीय
की पेन्सिलीने बोटं,
सांगता येत नाही.

प्रश्न एकशे एक्केचाळीस:
एका नळाने टाकी सहा तासांत भरते,
दुसऱ्याने नऊ तासांत रिकामी होते.
दोन्ही एकदम उघडले तर?
अठरा तास.
हे गणित मला पुस्तकाआधीच येत होतं.
बाबा क्रास्नोदारहून पैसे धाडतात
आणि घरातला दुसरा नळ कायम उघडा.
फरक इतकाच,
पुस्तकातली टाकी शेवटी भरते.

दार वाजतं. मुलाला ताप. सिरप, थर्मामीटर, सुटे पैसे.
घड्याळ मी थांबवत नाही,
परीक्षेतही थांबणार नाही.
एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटं.
त्या बाईला मी चार दिली
आणि चमचा कसा मोजायचा ते दोनदा सांगितलं,
म्हणजे दोन प्रश्न गेले.

मग शब्दांची यादी. रोज चाळीस.
मोजकं बोलणाऱ्याला एक शब्द, फार बोलणाऱ्याला पाच.
इथे लोक छातीवर हात ठेवतात
आणि म्हणतात, तेच द्या, मागचंच.

साडेअकराला हमायाक येतात.
रक्तदाबाच्या गोळ्या, एकच पट्टी,
उद्या पुन्हा येता यावं म्हणून.
तीस वर्षं त्यांनी स्टेशनात रुळांचे सांधे बदलले.
"आज काय अडलंय, नाझेली?"
मी वाचून दाखवते:
दोन गावांत चारशे वीस किलोमीटर अंतर,
दोन गाड्या समोरासमोर निघाल्या सकाळी नऊला,
एक साठच्या वेगाने, एक ऐंशीच्या. कधी भेटतील?
"बाराला," मीच सांगते, जरा मिरवत.
"कुठल्या स्टेशनात?"
स्टेशन नाही. मधेच कुठेतरी.
"रूळ किती?"
पुस्तकात दिलेलं नाही.

ते टोपी काढतात, काउंटरवर ठेवतात,
टोपीवरचा बर्फ माझ्या आकडेमोडीवर वितळतो.
"आमच्याकडे एकेरी होता.
एकेरी रुळावर गाड्या भेटत नाहीत, पोरी,
धडकतात.
एकीला बाजूच्या रुळावर उभं करावं लागतं,
दुसरी निघून जाईपर्यंत.
कुठलीला, ते कुणीतरी ठरवावंच लागतं.
उभ्या गाडीतली माणसं खिडकीतून बघायची माझ्याकडे,
कंदील हातात घेतलेल्या माझ्याकडे,
जसा काही मीच उशीर होतो."

मी गोळ्या पिशवीत घालते.
घरी आरुस अजून जागी असेल,
कुणाच्या तरी कोटाला बाह्या जोडत.
परीक्षेची फी एकीचीच जमत होती.
शाळेत गणितात तिला माझ्यापेक्षा
चार गुण जास्त होते.
त्या रात्री कंदील कुणाच्या हातात होता
ते आम्ही दोघी बोलत नाही.
ती फक्त विचारते, आज किती सुटले?
आणि मी दोन-तीन कमी करून सांगते.

हमायाक नाणी मोजतात, चुकतात, पुन्हा मोजतात.
"हातचा विसरलो," म्हणतात.

ते गेल्यावर मी चिकटपट्टी सोलते.
तीन तास. म्हणजे बाराच.
बरोबर.
समासात बारीक अक्षरात लिहिते: रूळ किती?
गुण त्याला नाहीत, तरी लिहिते.

काचेबाहेर हमायाक रस्त्याच्या कडेला थांबलेत.
एवढ्या रात्री गाडी कुठली, कुत्रंही नाही.
तरी ते डावीकडे बघतात,
बराच वेळ उजवीकडे बघतात,
मग पिशवी थोडी वर धरून,
जणू कुणाला दिसावी म्हणून,
ओलांडतात.